दादाभाऊंनी गाडी धुतली

आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना गाडी धुता येते.

मी अकरा वर्षं चाकणच्या एका मोटार कारखान्यात कामाला आहे, रंगकामाच्या शेवटच्या तपासणीवर. दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून ट्यूबलाइट लावलेला एक लांबलचक बोगदा आहे. त्यातून नुकत्या रंगवलेल्या गाड्या सरकत येतात, आणि त्यांच्या अंगावर कुठे दाणा आहे, कुठे ओघळ आहे, कुठे ओरखडा आहे ते हुडकून मी त्याभोवती खडूने गोल करते. पाळीला दीडशे गाड्या. तेव्हा रंगातलं मला थोडंफार कळत असेल, असा संशय एखाद्याला यायला हरकत नव्हती. आमच्या गावात, पिंपळवंडीत, तो कुणालाही आलेला नाही. घरी माझ्या नोकरीचं वर्णन दोन शब्दांत होतं, 'कंपनीत जाती'. पाहुण्यांनी फारच खोदून विचारलं तर माझा नवरा सुनील सांगतो, 'चेकिंगला हाय', आणि पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर एसटीतली तिकिटं उभी राहतात.

गेल्या महिन्यात मी स्वतःची गाडी घेतली. माझ्या पगारातून, माझ्या नावावर, गडद निळ्या रंगाची. रंगावरून घरात तीन दिवस परिषद भरली. सुनीलचं म्हणणं, पांढरी घे, नारायणगावच्या मार्केटात सगळ्यांच्या पांढऱ्याच असतात. गडद रंगावर धूळ दिसते, चरे दिसतात, हे त्याने मला समजावून सांगितलं. मला. मी ऐकून घेतलं आणि निळी आणली.

आणली त्याच दिवशी सगळ्यांना पडवीत बसवून मी चार गोष्टी सांगितल्या. म्हटलं, हल्लीचे रंग थिनरवर नसतात, पाण्यावर असतात. पाणी नुसतं रंग पत्र्यापर्यंत पोचवण्यापुरतं, भट्टीत ते उडून जातं, मागे रंग राहतो. त्याच्यावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, जाडी म्हणाल तर आपल्या केसाच्या निम्मी. सगळी चमक त्या थराची. त्याला चरे पडले की रंग गेलाच समजा. म्हणून कोरडं फडकं मारायचं नाही, उन्हात धुवायची नाही, कपड्याची पावडर वापरायची नाही. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू आणि मऊ हातमोजा. मी आणलंय सगळं. मी सुट्टीच्या दिवशी धुवीन. तोवर कुणी हात लावू नका.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सुनीलने विचारलं, "पाण्याचा रंग म्हंजे पावसात जायाचा न्हाई ना? न्हाई, आधीच इचारलेलं बरं." सासूबाई, म्हणजे प्रयागबाई, म्हणाल्या, "चहा टाकू का?" आणि सासरे उठून गाडीभोवती एक चक्कर मारून आले, दरवाजावर दोन थापा मारल्या, आणि म्हणाले, "अंगानं भरलीय चांगली."

सासरे म्हणजे दादाभाऊ. मी त्यांना मामा म्हणते. एके काळी त्यांच्या बैलांची जोडी सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. आमच्याकडे बैलगाडे ज्या चढावर पळवतात त्याला घाट म्हणतात, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, या तिन्ही तालुक्यांतले घाट मामांच्या जोडीने मारले होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते बैल स्वतः धुवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. पुढे शर्यतींवर बंदी आली, त्यांनी जोडी विकली. बंदी उठली तोपर्यंत त्यांचे गुडघे गेले होते. तेव्हापासून ते पडवीत बसून आल्यागेल्याला, कुणाची जनावरं कशी मळकी असतात, ते सांगतात.

हे सगळं माहीत असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दीडशे गाड्यांवरचा दाणा शोधणारी मी, घरात समोर बसलेला माणूस मला दिसला नाही.

रविवारी ओझरला विघ्नहराच्या देवळात गाडीची पूजा ठरली होती. शनिवारी माझी पहिली पाळी. पहाटे कंपनीच्या बसने गेले, साडेचारला परत आले. फाटकातून आत पाऊल टाकलं तर अंगणात सगळीकडे पाणी, कपड्याच्या पावडरीचं रिकामं पाकीट, आणि मधोमध माझी गाडी, अर्धी ओली, अर्धी वाळलेली, पश्चिमेच्या उन्हात. टायरांना गोडेतेल चोपडलेलं. बॉनेटवर मूठभर भंडारा उधळलेला, शर्यत जिंकल्यावर उधळतात तसा. बाजेवर मामा बसलेले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहऱ्यावर थकवा आणि इतकं समाधान की मी त्यांच्या तोंडावर ते गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लई दिवसांनी कुणाला तरी न्हाऊ घातलं बघ त्यांनी," प्रयागबाई चहा घेऊन येत म्हणाल्या. "दुपारपासून चाललंय."

मी चहा घेतला नाही. बॉनेटजवळ गुडघ्यावर बसले आणि उन्हाच्या तिरपेला डोळा लावला. साध्या माणसाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय चकाचक झालीय. मला दिसलं ते असं, की बॉनेटभर, दरवाजाभर, छतभर गोल गोल बारीक चरे होते, कोळ्याने जाळी विणावी तसे, एकात एक अडकलेले. हाताच्या एका फेऱ्याएवढा एकेक गोल. आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके, वाळून बसलेले.

"मामा, कशानं धुतली?"

"काथ्यानं," ते म्हणाले. "नवा केला. दोन नारळ सोलले त्याच्यासाठी. जुना न्हाई वापरला, तुझी नवी गाडी हाय."

"आन् पाणी?"

"फवारणीचा पंप लावला की. काय प्रेशर सुटतो! काल टमाट्याला मोरचूद-चुना मारला व्हता, पर ड्रम दोनदा इसळून घेतला मी." मग माझा चेहरा बघून, बचाव म्हणून, "खरारा न्हाई लावला. पत्रा हाय, तेवढं कळतं मला."

खरारा म्हणजे जनावराच्या अंगावरून फिरवायचा लोखंडी दात्यांचा ब्रश. तो लावला नाही, म्हणजे खरं तर मी त्यांचे पाय धरायला हवे होते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मोरचूद-चुन्याच्या ड्रमातलं पाणी मारून, कपड्याच्या पावडरीच्या फेसात नारळाच्या शेंड्यांनी चार तास घासणं, एवढ्यावरच भागलं होतं. आमच्या कारखान्यात नव्या पोरांना चुका शिकवायला एक तक्ता लावलाय. त्या तक्त्यावरच्या सगळ्या चुका एका दुपारी एकाच गाडीवर करून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

सुनील गोठ्यातून आला. "मस्त झालीय ना? मी व्हिडिओ काढलाय."

मग मी ओरडले. अकरा वर्षांत, खरं म्हणजे लग्न होऊन आल्यापासून, त्या अंगणात मी कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे सगळा साठलेला एकदम निघाला. "मी सांगितलं व्हतं ना, हात लावू नका! सगळ्यांना बसवून सांगितलं व्हतं! आख्ख्या घरात एक गोष्ट माझी हाय, एकच, आन् त्याच्यातबी तुमीच शाणे! मला कुणी इचारणार हाय का न्हाई?"

"चाळीस वर्षं जनावरं धुतली मी," मामा एवढंच म्हणाले. बाजेखालचा काथ्या उचलला, आणि एकेक पाय टेकत आत गेले. ते त्या दिवशी जेवले नाहीत. मीही नाही. त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि त्यांचाच राग येत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठला खरा ते ठरत नव्हतं.

चरे निघतात, हे मला माहीत होतं. ठिपकेही निघतात. माझं दुखणं चऱ्यांचं नव्हतंच. आपण ज्या कामात आयुष्याची अकरा वर्षं घातली, त्या कामाबद्दल आपल्या माणसांनी आपल्याला एक प्रश्न विचारावा, एवढंच मला त्या गाडीकडून हवं होतं. घराबद्दल, शेतीबद्दल, पैशांबद्दल नको. निदान रंगाबद्दल.

सकाळी सुनीलने तोडगा काढला. "तू काल जरा जास्त बोललीस," त्याने सुरुवात केली, "पर जाऊं दे. आपण तज्ज्ञाला दाखवू. वारूळवाडीला रिजवान म्हणून पोरगा हाय, गाड्यांचं डिटेलिंग करतो, पॉलिश-बिलिश. त्याचे व्हिडिओ लई चालतात. ओझरला जाताना वाटेवरच दाखवू."

तज्ज्ञ. बरोबर आहे, घरात नव्हता ना.

मामा मागच्या सीटवर प्रयागबाईंच्या शेजारी बसले, खिडकीबाहेर बघत. माझ्याशी बोलत नव्हते. प्रयागबाईंच्या मांडीवर पूजेचं ताट, नारळ, हार. मी गाडी चालवत होते, आणि सुनील शेजारी बसून मला ब्रेक कधी दाबायचा ते सांगत होता.

रिजवानचं दुकान म्हणजे पूर्वीचं त्याच्या वडलांचं, तय्यबचाचांचं, ट्रक रंगवायचं शेड. आता आत स्वच्छ फरशी, भिंतीवर षटकोनी दिवे, आणि दाराशी पायपुसणं. रिजवान असेल तिशीचा, दाढी नीट कोरलेली, गळ्यात टॉर्च. त्याने गाडी आत घ्यायला लावली, सगळे दिवे लावले, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "या अल्ला. कुणी केलं हे?"

मामांनी घसा साफ केला.

"बघा भाऊ," रिजवान सुनीलकडे वळून सांगू लागला, "आजकाल रंग वॉटरबेस असतो. पाण्यावरचा. त्याच्यावर क्लिअर कोट असतो, एकदम पातळ, केसाच्या निम्मा. सगळी चमक त्याचीच. म्हणून कोरडं फडकं मारायचं नाय. उन्हात धुवायची नाय. कपड्याची पावडर तर बिलकुल नाय. दोन बादल्या, शाम्पू, मऊ हातमोजा."

सुनील मोबाइल काढून हे रेकॉर्ड करत होता. "थांब थांब, ते केसाचं परत सांग." प्रयागबाई कौतुकाने मान हलवत होत्या. आणि मामा, कालपासून तोंड न उघडलेले मामा, हळूच सुनीलला म्हणाले, "पोरगं बारीक शिकलंय. असं कुणी सांगाया पायजे व्हतं."

मी दिव्यांकडे बघितलं. आकडे मोजले. वीसपर्यंत गेले.

मग रिजवान टॉर्च घेऊन कामाला लागला. जिथे जास्त चरे दिसतील तिथे तो निळ्या कागदी पट्टीचा तुकडा चिकटवत होता, मशीन कुठे लावायचं ते कळावं म्हणून. बॉनेटवर सहा तुकडे, दरवाजावर तीन. माणूस मेहनती होता, डोळाही वाईट नव्हता. पण उजव्या दरवाजाच्या कडेजवळ एक खोल चरा तो सोडून पुढे गेला, आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी पट्टीचं रीळ उचललं. त्या चऱ्याशी तुकडा लावला. मग त्याच्या खाली एक. मग हँडलखाली दोन, आरशामागे एक. मला टॉर्च लागत नाही. अंग थोडं तिरकं करायचं, दिव्याची रेघ पत्र्यावरून सरकवत न्यायची, ती जिथे अडखळते तिथे दोष. हात आपोआप चालत होते, पाय सरकत होते. छताला लावायला मी गाडीचं दार उघडून त्याच्या पायरीवर चढले. खाली उतरले तेव्हा गाडी निळ्या तुकड्यांनी भरून गेली होती.

रिजवान एकेका तुकड्यापाशी टॉर्च नेऊन बघत होता. प्रत्येकाखाली चरा होता. त्याने टॉर्च बंद केली.

"ताई, तुम्ही काय करता?"

"कंपनीत जाती ती," मामाच पटकन म्हणाले, सवयीने.

"कंपनीत काय?"

मामांनी सुनीलकडे बघितलं. सुनीलने मोबाइलकडे. "चेकिंगला..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना.

"रंग तपासते," मी म्हणाले. "चाकणला. भट्टीतून निघालेली गाडी शेवटची मीच बघते. अकरा वर्षं."

"मग तुम्ही मला का..." रिजवान थांबला. शहाणा होता. आमच्या चौघांकडे एकदा बघून त्याला पुढचा प्रश्न विचारायची गरज उरली नाही. त्याने पॉलिशचं मशीन आणलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "मशीन फिरवलं की क्लिअर कोट थोडा निघणार, तुम्हाला सांगायला नको. एकदा निघाला की परत येत नाय. कुठं किती घेऊ, तुम्ही सांगा."

"कडांना लावू नकोस, तिथं थर मुळात पातळ बसतो. दरवाजाचा तो खोल चरा राहू दे, तो काढायला गेलास तर रंगाला लागशील. बाकी मऊ पॅड, एकच हात. आन् आधी पांढरे ठिपके काढ, चुन्याचेत ते."

"जी."

हा 'जी' ऐकून प्रयागबाईंनी पूजेचं ताट बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि पदर सारखा केला. सुनील म्हणाला, "ओझरचा मुहूर्त अकराचा हाय." मामा त्याच्यावर खेकसले, "देव काय पळून चाललाय का? गप बस."

मग ते बॉनेटपाशी आले. गुडघे दुखत असताना वाकले, डोळे बारीक केले, निळ्या तुकड्याशेजारी नाक नेलं. त्यांना काही दिसेना. मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना थोडं डावीकडे सरकवलं. "असं न्हाई मामा, पत्र्याकडं बघू नका. दिव्याच्या रेघेकडं बघा. आता हळूहळू डोकं हलवा."

त्यांनी डोकं हलवलं. आणि थबकले. त्यांच्या हाताचे फेरे त्यांना दिसले. एकात एक गोल, बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकी मेहनत, चार तासांची, सगळी तिथे उमटलेली. त्यांनी स्वतःचा तळवा वर धरून एकदा त्या गोलांशी ताडून पाहिला.

"हे काल तुला फाटकातूनच दिसलं?"

"जवळ आल्यावर."

"रोज दिसतं असलं?"

"रोज. दीडशे गाड्यांवर."

ते वाकूनच राहिले. मला वाटलं कंबर धरली. मग खालच्या आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "मंग घरातलं आमचं बी समदं दिसत असंल."

इतकी वर्षं मी याला एक झणझणीत उत्तर तयार ठेवलं होतं. एक कशाला, पन्नास होती, बसमध्ये जाता-येता घासून धार लावलेली. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "दिसतं," मी म्हणाले. "पर घरी मी खडू घेऊन येत न्हाई."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी.

दोन तास मशीन चाललं. मामा एका खुर्चीवर बसून सगळं बघत होते, मध्येच मला विचारत होते. हे पॅड कशाचं? मशीन एका जागी का धरत न्हाई तो? भट्टी किती तापती तुमची? मी सांगितलं, आपली भाकरी करपेल एवढी. तिथं बायका किती हायेत? मी सांगितलं. सुनीलने एकदा तोंड घातलं, "अगं दादांना कशाला पकवतीस," तर त्यांनी त्याला चहा आणायला पिटाळलं.

काम झालं तेव्हा पॉलिशची पांढरी भुकटी सगळ्या गाडीवर बसली होती. ती धुऊन काढायची होती. रिजवानने सावलीत दोन बादल्या ठेवल्या, एकीत फेस, एकीत साधं पाणी, आणि हातमोजा घालायला लागला. मामा उठले. त्यांनी त्याच्या हातातून तो मोजा काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि आपल्या उजव्या हातात घातला. त्या हातात तो लहान मुलाच्या टोपड्यासारखा दिसत होता.

"बाबा, आधी काय करायचं," रिजवान सांगायला लागला, "मोजा पूर्ण बुडवायचा, मग..."

मामांनी दुसरा हात वर करून त्याला थांबवलं. "तू ऱ्हाऊं दे." मग माझ्याकडे वळले. मोज्यातून फेसाचं पाणी त्यांच्या कोपरावरून खाली गळत होतं. "तू सांग. कुठून सुरू करू?"

मी दोन्ही बादल्या त्यांच्याजवळ सरकवल्या.

"वरून, मामा," मी म्हणाले. "छतापासून. आन् दाबायचं न्हाई."